पोकरचा पहिला पाठ

नवशिक्याला पोकर शिकविण्याचा एक जुना प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. १८७१ साली रॉबर्ट शेंक हे अमेरिकेचे वकील म्हणून लंडनला गेले. यादवी युद्धात उजवा हात जायबंदी झालेले हे सेनानी पत्त्यांत मात्र वाकबगार होते. सॉमरसेटमधील एका हवेलीत त्यांनी पाहुण्यांना हा खेळ शिकविला. यजमानीणबाईंच्या आग्रहावरून नियम लिहून दिले. बाईंनी ते चक्क छापून घेतले.

नियम तसे सोपे. प्रत्येकास पाच पाने, नको ती टाकून नवी घ्यावयाची. तीन पत्ती येणाऱ्याला (आणि आमच्या चाळीत ती कोणाला येत नव्हती?) एवढे दहा मिनिटांत कळेल. खरी मेख पुढे आहे. हातात काही नसताना बोली अशी चढवावयाची, की समोरच्याने बरी पानेही टाकून द्यावीत. मालकांशी वाटाघाटीला बसणाऱ्यांना हे तंत्र परके नाही.

त्याच वर्षी युटातील एमा या चांदीच्या खाणीचे शेअर लंडनात विक्रीस निघाले. भांडवल दहा लाख पौंड. संचालकांत शेंकसाहेबांचे नाव झळकले. त्यांचे स्वतःचे शेअर उसन्या पैशांवर घेतलेले होते, हे घेणाऱ्यांना कोठून कळणार? अमेरिकेचा वकीलच आत आहे म्हटल्यावर लोकांनी पैसे ओतले. पुढे चांदी आटली, शेअर कोसळले. १८७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने चौकशी केली आणि त्याच वर्षी साहेबांनी वकिलात सोडली.