चेतकचा स्लो जेट आणि बदलतं पेट्रोल

आकुर्डीत 1960 च्या सुमारास पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनू लागली. 1971 मध्ये तो करार संपला, आणि पुढच्याच वर्षी बजाजने तीच बांधणी चेतक या नावाने बाजारात आणली. परवाना राज्यात नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर हाती आलेली ही गाडी लोक सहजासहजी विकत नसत. त्यामुळे हवेने थंड होणाऱ्या त्याच 145.45 सीसी टू-स्ट्रोक इंजिनाने तऱ्हेतऱ्हेचं पेट्रोल पचवलं आणि एकामागून एक बदलणारे कायदेही पाहिले. या सगळ्या काळात ‘गाडी स्लोला बंद पडते’ या तक्रारीचा पहिला आरोपी मात्र ठरलेला असे, तो म्हणजे कार्ब्युरेटरमधला पितळी स्लो जेट. माझ्या मते हा आरोप बहुतेक वेळा खोटा होता. जेटचा क्रमांक बदलावा असं खरं कारण या गाडीच्या आयुष्यात फार क्वचित आलं, आणि त्यातलं सर्वांत ठोस कारण गाडी बनायची बंद झाल्यावर आलं.

व्हेस्पा घराण्याच्या एसआय पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये या जेटवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ 45/140 किंवा 48/160. पहिला आकडा पेट्रोलच्या भोकाचा आणि दुसरा हवेच्या भोकाचा, दोन्ही मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. नुसता पहिला आकडा बघून ‘48 म्हणजे जास्त पेट्रोल’ असं मानणं चुकीचं आहे. हवेच्या आकड्याला पेट्रोलच्या आकड्याने भागलं तर 45/140 चं गुणोत्तर 3.11 येतं आणि 48/160 चं 3.33. म्हणजे दुसऱ्या जेटमधून पेट्रोल जास्त येत असलं तरी त्याच्या मानाने हवा त्याहून जास्त येते. दुसरी गोष्ट तारेची. जेटमध्ये कचरा अडकला की तो तार घालून साफ करण्याची पद्धत सर्रास होती. तारेने 0.45 मिमीचं भोक 0.50 झालं, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. क्षेत्रफळ मात्र जवळजवळ 23 टक्क्यांनी वाढतं. क्रमांक जुनाच आणि जेट नवाच, अशी स्थिती होते. जुन्या स्कूटरच्या जेटवरच्या आकड्यावर म्हणूनच डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

यावर कोणी म्हणेल की मोठा जेट टाकल्यावर कितीतरी गाड्या स्लोला नीट उभ्या राहिल्या, हा अनुभव खोटा कसा? अनुभव खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. गरम इंजिनाची मूठ सोडल्यावर वेग खाली यायला वेळ लागत असेल, तर बहुतेकदा कुठून तरी जादा हवा आत शिरत असते. कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग दबलेलं असतं किंवा मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील कडक होऊन चिरलेलं असतं. (क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल खेचलं जाऊन पांढरा धूर येतो, म्हणून ते लवकर पकडलं जातं.) मोठा जेट ही चोरवाट फक्त स्लोपुरती झाकतो. मूठ पिळल्यावर पेट्रोल मेन जेटमधून येतं, तिथे मिश्रण पातळच राहतं, आणि ज्या इंजिनाला तेलही पेट्रोलातूनच मिळतं त्याचा पिस्टन घाटात जाम होतो. पॅकिंगच्या सांध्याभोवती थोडं ऑइल लावल्यावर इंजिनाचा आवाज बदलला, तर जेटला हात न लावता आधी पॅकिंग बदलावं.

कायद्यानेही नकळत याच छोट्या भोकावर बोट ठेवलं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के ठरवली आणि ती स्लोला मोजायची असं सांगितलं. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घातली की मुख्यत्वे स्लो जेट आणि मिक्श्चर स्क्रू यांचीच परीक्षा होते, मेन जेटची नाही. अर्धा वळसा स्क्रू फिरवून उत्तीर्ण होणारी गाडी रस्त्यावर तितकीच स्वच्छ असेल, असं त्या कागदावरून सिद्ध होत नाही. आणि नापास झालेल्या गाडीचाही जेट चुकीचाच असेल असं नाही; तुंबलेला एअर फिल्टरही तोच आकडा दाखवू शकतो.

खरा बदल पेट्रोलातून आला. 2003 मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, आणि आपल्या साखर कारखान्यांच्या मळीला नवं गिऱ्हाईक मिळालं. 2022 मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर आणि 2025 मध्ये वीसवर गेलं. पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. म्हणून वीस टक्के मिश्रणात तेवढ्याच हवेला साधारण 7 ते 8 टक्के जास्त इंधन हवं. जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर ते आपणहून देत नाही. हिशेबाने 45 च्या जागी 47 च्या आसपासचं भोक लागतं, हवेचा आकडा मात्र तोच ठेवून. 140 सोडून 160 घेतला तर मिळवलेलं सगळं पुन्हा निघून जातं. स्लोपुरता एवढा फरक मिक्श्चर स्क्रूने भरून निघू शकतो हा आक्षेप मला मान्य आहे, आणि आधी तेच करून पाहावं. स्क्रू बराच बाहेर काढूनही इंजिन समाधानाने चालत नसेल तरच जेट बदलावा, आणि मेन जेटही त्याच हिशेबाने तपासावा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करावा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि सर्वांत आधी तुंबतं ते हेच भोक.