डोंगरवाटेसाठी शॉक ॲब्सॉर्बर निवडताना

मुंबई-गोवा महामार्गावरील सावर्डे हे चिपळूण तालुक्यातील गाव कात उद्योगासाठी, सह्याद्री शिक्षण संस्थेसाठी आणि शेजारच्या डेरवणच्या शिवसृष्टीसाठी परिचित आहे. फोर व्हील ड्राइव्ह वाहन बाळगणाऱ्यांना मात्र या परिसराची ओळख वेगळ्या कारणाने होते. शनिवारी सकाळी पुण्याहून निघालेली गाडी कराडमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येते, कामथे घाट ओलांडून सावर्ड्यास पोहोचते आणि महामार्ग सोडून आतल्या वाडीकडे वळली की तासाभरात डांबर संपते. पुढे काजू-आंब्याच्या बागांतील लाल मातीचा रस्ता, मग एखादा वहाळ, त्यानंतर जांभ्या दगडाचा उघडा सडा. एकाच दिवसात चाकाखालची जमीन चार वेळा बदलते. गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर कसे आहेत, हे अशा प्रवासात जितके स्पष्ट कळते तितके शहरात कधीच कळत नाही.

मूळ जोडी झिजली की, किंवा पुष्कळदा झिजण्याआधीच, नवी जोडी घेण्याचा विचार सुरू होतो. येथे बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीचे घ्यावे’ हा असतो. वास्तविक तो शेवटचा प्रश्न असायला हवा. गाडीचे वजन किती, स्प्रिंग कोणती आणि चाक वर-खाली किती हलते, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय महागातला महाग शॉकही निरुपयोगी ठरू शकतो. प्रसंगी धोकादायकही.

प्रथम एक रूढ गैरसमज दूर केला पाहिजे. गाडीचे वजन शॉक ॲब्सॉर्बर पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग दबते आणि मग उसळत राहते. ही उसळी आवरून टायर पुन्हा जमिनीला टेकवणे, एवढेच शॉकचे काम. नळकांड्यातील तेलातून पिस्टन सरकतो, पिस्टनच्या झडपांमधून तेल अडखळत जाते आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलते. टायर जमिनीला टेकलेला असेल तरच ब्रेक लागतो, स्टिअरिंग ऐकते आणि चारही चाकांना मिळणाऱ्या शक्तीचा उपयोग होतो. ओल्या जांभ्यावर चढ चढताना एक चाक हवेत उडून परत आदळले, तर फोर व्हील ड्राइव्हचा लिव्हर ओढलेला असूनही गाडी तिरकी घसरू शकते. म्हणून ‘कडक शॉक म्हणजे दणकट शॉक’ हे समीकरण डोंगरवाटेवर घातक आहे.

शॉकचा रोध दोन दिशांना असतो: दबताना आणि परतताना. सर्वसाधारणपणे परततानाचा रोध जास्त ठेवलेला असतो. तो फारच कमी असेल तर गाडी होडीसारखी झुलते. तो प्रमाणाबाहेर असेल तर होणारी हानी चटकन लक्षात येत नाही. खडबडीत रस्त्यावर एका उंचवट्यानंतर चाक पूर्ण खाली येण्याआधीच दुसरा उंचवटा येतो, तिसऱ्याला ते आणखी वर अडकलेले असते, आणि शेवटी गाडी आपल्या बंपस्टॉपवर बसून दणके देऊ लागते. चालकाला वाटते, स्प्रिंग कडक आहे. दोष स्प्रिंगचा नसतो. चाकाला परत यायला वेळच मिळत नाही.

स्प्रिंगचा प्रकार येथे निर्णायक ठरतो. जुन्या जीप आणि १९८५ साली आलेली मारुती जिप्सी या चारही कोपऱ्यांना पाट्यांवर उभ्या असलेल्या गाड्या. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे उसळीचा काही भाग तेथेच जिरतो. २०१० च्या महिंद्र थारला मागे पाटे होते आणि पुढे टॉर्शन बार. २०२० च्या थारला चारही ठिकाणी कॉइल स्प्रिंग आली. २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या सुझुकी जिम्नीलाही चारही बाजूंना कॉइलच आहे. कॉइलमध्ये घर्षण जवळजवळ नाही, त्यामुळे उसळी आवरण्याची सारी जबाबदारी शॉकवर पडते. एका गाडीवर उत्तम चाललेली जोडी दुसऱ्या गाडीवर केवळ छिद्रे जुळतात म्हणून बसवणे चुकीचे, ते याच कारणाने. वडापच्या जीपगाड्यांत प्रवासी जास्त बसतात म्हणून एक पाटा वाढवायचा आणि शॉक तेच ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी पद्धत. वाढलेल्या पाट्याची उसळी त्या शॉकच्या आवाक्याबाहेर जाते, तेल गळू लागते आणि ‘माल चांगला नव्हता’ असा निष्कर्ष निघतो.

आता वजनाविषयी. कंपनीच्या पुस्तकातील आकडा पाहून भागत नाही. जिम्नीचे रिकामे वजन सुमारे १,२०० किलो, तर २०२० च्या थारचे पावणेदोन टनांच्या घरात. पण मालकाने पुढे लोखंडी बंपर आणि विंच, वर कॅरियर, मागे दुसरी स्टेपनी बसवली की हा हिशेब मोडतो. बंपर आणि विंच पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकत असल्याने त्यांच्या वजनापेक्षा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके उलट हलकी होतात. कोणत्याही वजनकाट्यावर गाडी नेऊन पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजून घ्यावा. शंभर-दोनशे रुपयांच्या या चिठ्ठीने हजारो रुपये वाचतात. बाजारातील चांगल्या जोड्या हलक्या, मध्यम व जड भारासाठी वेगवेगळ्या मिळतात. त्यांतून निवड करताना गाडीवर वर्षभर असणारे वजन धरावे, दिवाळीच्या सुटीत एकदा भरले जाणारे नव्हे. जड भाराची जोडी लावून एकट्याने फिरणारी गाडी सड्यावर चेंडूसारखी उडते.

लांबी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. सपाट जागी उभ्या गाडीच्या शॉकची वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतची लांबी मोजावी. मग चाक बंपस्टॉपपर्यंत दाबलेले असताना आणि पूर्ण खाली लोंबत असताना, अशी आणखी दोन मापे घ्यावीत. नव्या शॉकची पूर्ण मिटलेली लांबी बंपस्टॉपवरील मापापेक्षा किमान एक-दीड सेंटिमीटर कमी हवी. अन्यथा दणका रबराऐवजी शॉकच्या तळावर बसतो आणि एक तर शॉक फुटतो किंवा त्याची बैठक चेसिसपासून उखडते. याउलट फार लांब शॉक लावला तर ॲक्सल ठरल्यापेक्षा खाली जाते, ब्रेकचा होजपाइप ताणला जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, आणि कॉइल आपल्या जागेवरून सुटण्याचीही शक्यता असते. घाटात ब्रेकचा पाइप तुटणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

याच अनुषंगाने उंची वाढवण्याच्या हौसेविषयी लिहिणे भाग आहे. गाडी उंच होते ती स्प्रिंगने. शॉकमधील वायुदाबाने किंचित फरक पडतो, पण त्याला उंची म्हणता येणार नाही. दोन इंच उंची वाढवली की स्प्रिंगबरोबर त्या लांबीचे शॉकही घ्यावे लागतात, गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. झिजलेल्या शॉकऐवजी त्याच मापाचा शॉक बसवणे ही दुरुस्ती. गाडीचा आकारच बदलणे ही वेगळी बाब. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर नेमका हाच भेद पाहतो.

यानंतर प्रकाराचा विचार. ट्विन ट्यूब शॉकमध्ये नळीच्या आत नळी असते. बाहेरची नळी दगडाने चेपली तरी आतला पिस्टन सहसा चालत राहतो, किंमत कमी असते आणि तेवढ्याच लांबीत चाकाला हालचाल अधिक मिळते. उणीव अशी की सतत खडखडाटात तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि रोध मंदावतो. कमी दाबाचा नायट्रोजन भरलेल्या ट्विन ट्यूबमध्ये हा दोष बराच कमी होतो. काही ऑस्ट्रेलियन बनावटींत वायूऐवजी बंद छिद्रांचा फोम वापरतात. मोनोट्यूबमध्ये नळी एकच. तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन असल्याने फेस होत नाही, आणि तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने लवकर थंड होते. पण त्या एकाच भिंतीला दगडाची खोक पडली की पिस्टन तेथेच अडकतो. वेगळी टाकी जोडलेले रिझर्व्हॉयर शॉक वाळवंटी शर्यतींतून प्रसिद्ध झाले. तेथे तासन्तास वेगाने धावायचे असते, आणि ही टाकी त्या उष्णतेसाठी आहे.

कोकणातील परिस्थिती नेमकी उलट आहे. सावर्ड्याच्या आसपासच्या बागांच्या वाटांवर गाडी लो रेशोच्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते. पिस्टन हळू सरकतो आणि तेल तापण्याइतका वेग येतच नाही. येथील शत्रू तीन: कोपऱ्याला धारदार असलेला जांभा, पिस्टनच्या दांड्यावर चिकटणारी लाल माती, आणि पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात गंज हेही शॉक बाद होण्याचे कारण असते. जुन्या जीप व जिप्सीत शॉकचे खालचे टोक ॲक्सलखाली, यू-बोल्टच्या पट्टीवर लटकते. अशा गाडीला महागडी मोनोट्यूब लावून सड्यावर नेणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. शेतीबागायती आणि शनिवार-रविवारच्या भटकंतीसाठी मोठ्या व्यासाचा, वायुभारित किंवा फोम भरलेला ट्विन ट्यूब शॉक पुरेसा आहे. ज्यांचे वर्ष लांबच्या प्रवासात, भरलेल्या गाडीत, लडाख-राजस्थानकडे जाते, त्यांनी मोनोट्यूबचा खर्च जरूर करावा. तेथे त्याचे चीज होते. रिझर्व्हॉयरची चकाकणारी टाकी बहुतेकांच्या गाडीवर दागिन्यासारखीच राहते. फिरकीने रोध कमी-जास्त करता येणारे शॉकही मिळतात. उपयुक्त खरे, पण पुष्कळ मालक पहिल्या दिवशी फिरकी सर्वांत कडक टप्प्यावर नेतात आणि पुन्हा कधी तिला हात लावत नाहीत.

मूळ शॉक खरोखर बदलण्याजोगे आहेत का, हेही पाहावे. बोनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजण्याची पद्धत या जड, कडक गाड्यांना फारशी लागू पडत नाही. नळीवर तेलाचा पातळ ओलावा दिसणे स्वाभाविक आहे. थेंब गळत असतील तर सील गेली. टायर ठिकठिकाणी वाटीसारखा झिजला असेल, ब्रेक लावताच पुढचा भाग खोल वाकत असेल किंवा रबरी बुश फाटून ठकठक येत असेल, तर वेळ आली असे समजावे. कित्येकदा दोन-तीनशे रुपयांच्या बुशचा आवाज शॉकच्या माथी मारला जातो. बदलायचेच झाल्यास एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा, एक जुना अशी जोडी ओल्या वळणावर गाडीला एका बाजूस ओढते. नावाजलेल्या कंपन्यांच्या हुबेहूब नकला बाजारात असल्याने पार्ट नंबर पडताळून पक्के बिल घ्यावे.

बसवण्याचे काम साधे दिसते, पण दोन गोष्टी कारागिराकडून आवर्जून करून घ्याव्यात. ट्विन ट्यूब शॉक आडवा ठेवून आलेला असतो. तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून आतली हवा काढल्यावरच बसवावा. तसेच शॉकच्या डोळ्यांतील रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन आल्यावर शेवटचा आवळा द्यावा, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून काही महिन्यांत फाटते.

पावसाळ्यात वहाळ ओलांडून आल्यावर दांड्यावरील चिखल साध्या पाण्याने धुवावा. प्रेशरचा झोत सीलवर धरू नये. दांड्यावर रबरी टोपण असेल तर त्याच्या आत साचलेली मातीही काढावी, कारण ओल्या मातीने भरलेले टोपण उघड्या दांड्यापेक्षा वाईट. आणि गाडी सड्यावर न्यायची ती रुळलेल्या वाटेनेच. या कातळावर पावसाळ्यात रानफुले उमलतात, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत, जी चाकाखाली येईपर्यंत दिसतही नाहीत. नवी जोडी बसवल्यावर पाचशे-हजार किलोमीटरनंतर सर्व बोल्ट एकदा तपासून घ्यावेत आणि चाकांचे अलाइनमेंटही त्याच वेळी करावे.