नव्व्याण्णव वर्षांचे घर

दिल्लीत नोकरी करणारा मराठी मनुष्य निवृत्तीला चार-पाच वर्षे उरली म्हणजे एका प्रश्नापाशी येऊन थबकतो. येथेच एखाद्या जुन्या वसाहतीत घर घ्यावे, की गाशा गुंडाळून पुण्या-नागपुराकडे परतावे? या प्रश्नाचा विचार बहुधा हवापाणी, मुलांची शिक्षणे आणि शिल्लक पैसा यांच्या आधारे होतो. परंतु दिल्लीच्या बाबतीत त्याला आणखी एक अंग आहे, आणि ते इतिहासाचे आहे. या नगरीत घर विकत घेणे म्हणजे नेमके काय विकत घेणे, याचा अर्थ गेल्या शतकात अनेकदा बदलला. तो बदल ध्यानात घेतल्यावाचून येथल्या कोणत्याही कॉलनीतील घराची किंमत नीट कळत नाही.

राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ रोजी झाली आणि नव्या दिल्लीचे उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. या नव्या नगरीची जमीन सरकारने संपादन केली, आणि घरे हुद्द्याच्या पायऱ्यांप्रमाणे बांधली. सचिवाचा बंगला निराळा, कारकुनाचे क्वार्टर निराळे. घर पदाबरोबर यावे आणि पदाबरोबर जावे, हा या रचनेचा मूळ नियम होता. नवे शहर उभे करताना ज्यांच्या वस्त्या उठल्या त्यांतील काही लोकांना पश्चिमेस करोलबागेत जागा देण्यात आली. क्वार्टर न मिळालेली नोकरदार मंडळी पुढे याच करोलबागेत आणि पहाडगंजात भाड्याच्या खोल्या शोधू लागली. दिल्लीतील मराठी बिऱ्हाडांचे जुने पत्ते याच दोन वस्त्यांतले का, याचे उत्तर येथे सापडते.

फाळणीने ही घडी पार मोडली. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजार झाली. सुमारे पाच लाख निर्वासित या शहरात आले. त्यांच्यासाठी राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर, मालवीयनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्याच सुमारास सरकारी नोकरांची संख्याही वाढत होती आणि क्वार्टरांची मागणी तुंबून राहिली होती. १९४७ ते १९५२ या अतिशय अडचणीच्या काळात बांधकामाचे केंद्रीय खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते, हे मराठी वाचकांस आठवत असेलच. निर्वासिताला मिळालेले दोन खोल्यांचे घर साधे होते. पण ते त्याच्या नावावर होण्याची वाट कायद्याने, म्हणजे १९५४ च्या निर्वासित भरपाई कायद्याने, मोकळी केली. शेजारच्या क्वार्टरमधल्या कारकुनाचे घर कदाचित अधिक पक्के असेल, परंतु ते त्याच्या नावावर कधीच होणार नव्हते.

जमिनीचा खाजगी व्यवहारही या काळात जोरात होता. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या डीएलएफ या कंपनीने शेतकऱ्यांकडून जमिनी घेऊन कृष्णनगर, मॉडेल टाऊन, साउथ एक्स्टेन्शन, ग्रेटर कैलास इत्यादी वसाहती पाडल्या. येथे प्लॉट घेणारा पूर्ण मालक होत असे. परंतु भाव चढू लागले, बेकायदा वस्त्या फोफावल्या, आणि १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले. १३ नोव्हेंबर १९५९ च्या एकाच अधिसूचनेने ३४,०७० एकर जमीन संपादनाच्या कक्षेत आली. २ मे १९६१ च्या योजनेने धोरण पक्के झाले, ते असे की शहराच्या वाढीसाठी लागणारी जमीन सरकारने घ्यावी, विकसित करावी, आणि ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, दिल्लीचा बृहत् आराखडा अमलात आला. खाजगी वसाहतकाराचे युग येथे संपले. डीएलएफनेही पुढे आपला मुक्काम गुडगावला हलविला.

भाडेपट्ट्याची कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचे प्लॉट भाडेपट्ट्यानेच दिले होते. दिल्लीचा पट्टा मात्र अटींनी अधिक जखडलेला होता. स्वतःच्या, पत्नीच्या वा अवलंबून असलेल्या मुलांच्या नावे दिल्लीत दुसरे घर असेल, तर प्लॉट मिळत नसे. तो विकायचा तर परवानगी लागे, आणि जमिनीच्या वाढलेल्या किमतीतील निम्मा वाटा सरकारजमा करावा लागे. हेतू वाईट नव्हता. शहर वाढले म्हणून जमिनीचे मोल वाढते, तेव्हा त्या वाढीत समाजाचा हिस्सा असावा, हे तत्त्व न्याय्यच म्हटले पाहिजे. परंतु सर्व जमीन एकाच हाती गेली आणि तो हात सावकाश चालणारा निघाला. १९७९ च्या नोंदणी योजनेत सुमारे १ लाख ७१ हजार लोकांनी फ्लॅटसाठी नावे घातली, आणि त्यांतील अनेकांची प्रतीक्षा दोन दशकांहून अधिक लांबली. नोंदणी करताना कडेवर असलेले मूल फ्लॅटच्या सोडतीपर्यंत स्वतः नोकरीस लागलेले असे.

सरकारी नोकराची स्थिती या सगळ्यात चमत्कारिक होती. १९५६ पासून त्याला घरबांधणीसाठी आगाऊ रक्कम मिळू लागली. ती घेऊन त्याने घर बांधले, आणि स्वतः क्वार्टरमध्ये राहून ते भाड्याने दिले. परंतु १९५८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला असे संरक्षण दिले होते की, घर परत मिळविणे म्हणजे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणे. सप्टेंबर १९७५ मध्ये सरकारने निर्णय केला की, नोकरीच्या गावी ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांनी क्वार्टर सोडावे, अथवा बाजारभावाने भाडे भरावे. क्वार्टर सोडावे तर स्वतःच्या घरात भाडेकरू! म्हणून भाडेकायद्यात नवे कलम घालून अशा मालकाला ताबा तातडीने मिळण्याची सोय करावी लागली. निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी अशीच तरतूद १९८८ मध्ये झाली, आणि अर्ज करण्यास निवृत्तीपासून एका वर्षाची मुदत ठेवण्यात आली. आयुष्यभर सरकारी छपराखाली राहिलेल्या मनुष्याला स्वतःच्या घरात शिरण्यासाठी विशेष कलम लागावे, यातच दिल्लीच्या गृहव्यवस्थेचे सार आले.

पट्ट्याच्या अटी कडक असल्या, तरी माणसांच्या गरजा थांबत नाहीत. कोणाची बदली होई, कोणाला मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा असे. मग साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांवर घरे हातोहात फिरू लागली. खरेदीखत नाही, म्हणून परवानगी नाही आणि निम्मा वाटाही नाही! दिल्लीतील कित्येक घरे अशी तीन-तीन, चार-चार हातांतून गेली, आणि सरकारदप्तरी मात्र मूळ पट्टेदाराचेच नाव राहिले. अखेर १९९२ मध्ये पट्टे पूर्ण मालकीत रूपांतरित करण्याची योजना आली. मुखत्यारपत्रावर घर घेतलेल्यांनाही रूपांतर शुल्कावर एक-तृतीयांश अधिभार भरून मालक होण्याची वाट मिळाली. पुढे ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, मुखत्यारपत्रावरील विक्रीने मालकी मिळत नाही. ती नोंदलेल्या खरेदीखतानेच मिळते. पन्नास वर्षांची वहिवाट त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने उघडी पडली.

या इतिहासावरून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, दिल्लीच्या जुन्या वस्तीत घर पाहताना विटा आणि गच्ची यांच्याआधी कागदांची साखळी पाहावी. मूळ पट्टा कोणाला, कोणत्या अटींवर दिला, रूपांतर झाले काय, प्रत्येक दुवा खरेदीखताचा आहे की मुखत्यारपत्राचा, हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्या निर्वासितांनी राजेंद्रनगर-लाजपतनगरास आपले गाव मानले. परतीची वाट बंद होती म्हणून त्यांनी एक खोली होती तेथे चार केल्या, दुकाने थाटली, शाळा काढल्या, आणि ओसाड माळावरच्या वसाहतींना नांदत्या उपनगरांचे रूप दिले. आम्हां मराठी नोकरदारांना परतीची वाट नेहमीच मोकळी होती. ते आमचे भाग्य खरे, परंतु त्यामुळे ‘आज ना उद्या जायचेच आहे’ असे म्हणत आम्ही तीस-पस्तीस वर्षे येथे पाहुण्यासारखी काढली. जायचे असेल तर अवश्य जावे. राहायचे असेल तर तो निर्णय मात्र नोकरीत असतानाच केला पाहिजे. क्वार्टर रिकामे करण्याची नोटीस हाती पडल्यावर निर्णयासाठी फारसा अवकाश उरत नाही.