पंधरा डॉलर कमी पडले त्या रात्री

कॅलिफोर्निया, 2010 च्या आधीची वर्षं. वेल्स फार्गो बँकेतलं एका नोकरदाराचं खातं. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. हिशेबाची रीत मात्र न्यायालयात सिद्ध झालेली आहे.

सकाळी 7.30. खात्यात 130 डॉलर. डेबिट कार्डानं 4 डॉलरची कॉफी. शिल्लक 126.

सकाळी 8.10. पेट्रोल पंप. टाकीत किती जाणार हे आधी ठाऊक नसतं, म्हणून पंप बँकेकडे फक्त 1 डॉलरची मंजुरी मागतो. पेट्रोल भरलं जातं 30 डॉलरचं. खात्यावर दिसतात 125 डॉलर, खरे उरलेत 96. घोळ इथे सुरू झाला आणि खातेदाराचा त्यात काडीचाही दोष नाही.

दुपारी 12.40. जेवण, 9 डॉलर.

संध्याकाळी 5.45. औषधं, 12 डॉलर.

संध्याकाळी 6.30. माणूस सावध आहे. किराणा घेण्याआधी तो बँकेला फोन करून शिल्लक विचारतो. उत्तर मिळतं, 104 डॉलर. खरे उरलेत 75. आणखी काय करायला हवं होतं त्यानं?

संध्याकाळी 6.50. किराणा, 90 डॉलर. कार्ड चालतं. खातं आता 15 डॉलरनी उणे झालं आहे, पण कुठेही इशारा नाही.

रात्री उशिरा. खरा घात होतो तो आता, खातेदार झोपलेला असताना. सगळे व्यवहार याच रात्री बँकेत जमा-खर्चाला आले असं धरू. ज्या क्रमानं खर्च झाला त्याच क्रमानं नोंदवले असते, तर फक्त किराणा उणे गेला असता आणि एकच दंड बसला असता, साधारण 35 डॉलर. तोही जडच. पण 2001 पासून ही बँक कार्डाचे व्यवहार मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे लावत होती. म्हणजे आधी किराण्याचे 90, मग पेट्रोलचे 30. उरले 10. त्यात औषधांचे 12 मावत नाहीत, पहिला दंड. जेवणाचे 9, दुसरा दंड. सकाळी खात्यात 130 डॉलर असताना घेतलेली ती कॉफी, तिलाही दंड. तुटवडा 15 डॉलरचा, दंड 105 डॉलर. खातं उणे 120.

दुसऱ्या दिवशी सकाळी 7.30. पुन्हा कॉफी. कार्ड पुन्हा चालतं, कारण खात्यात पैसे नसले तरी एका मर्यादेपर्यंत खरेदी मंजूर करायची, असं बँकेनं ठरवलेलं होतं. ही मर्यादा खातेदाराला सांगितलेली नसे. आणखी 4 डॉलर, आणखी 35. उणे 159. दंडाचं पत्र टपालानं येईपर्यंत असे आणखी किती व्यवहार होतील, कोण जाणे.

बँकेचं न्यायालयात म्हणणं होतं की मोठी देणी महत्त्वाची असतात, म्हणून ती आधी भागवतो. मला हे पटत नाही. मंजूर झालेली खरेदी बँक एरवीही भागवणारच होती. क्रम बदलल्यानं एकही देणं वाचलं नाही, फक्त दंडांची संख्या वाढली. न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांचाही निष्कर्ष तोच होता: एका चुकीचे दहापर्यंत दंड काढण्यासाठी केलेली ही हिशेबाची युक्ती आहे. ऑगस्ट 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी सुमारे 20 कोटी 30 लाख डॉलर ग्राहकांना परत करायला सांगितले. बँक अपिलात गेली. 2016 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे ते संपलं.

दिसणाऱ्या शिलकीचा घोळ मात्र त्यानंतरही राहिला. 2022 मध्ये अमेरिकेतल्याच रीजन्स बँकेला 19 कोटी 10 लाख डॉलरचा दंड आणि परतावा मिळून फटका बसला. खरेदीच्या क्षणी खात्यात पुरेसे पैसे असूनही तिनं नंतर दंड लावले होते. डिसेंबर 2024 मध्ये मोठ्या बँकांसाठी खातं उणे गेल्याचा दंड 5 डॉलरवर आणणारा नियम तिथे झाला. तो अमलात येण्याआधीच 2025 मध्ये अमेरिकी संसदेनं रद्द केला. आपल्याकडे किमान शिलकीच्या दंडापायी बचत खातं उणे करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे.

तुमचा मुलगा, मुलगी किंवा भाचरं अमेरिकेत शिकायला जात असतील, तर एवढं आवर्जून सांगा. 2010 पासून तिथे एटीएम आणि रोजच्या कार्डखरेदीवर असा दंड लावायला खातेदाराची आगाऊ संमती लागते. खातं उघडताना बँक ‘ओव्हरड्राफ्ट कव्हरेज’ हवं का विचारेल. नाही म्हणा. पैसे नसतील तर कार्ड नाकारलं जाईल, एवढंच. धनादेश आणि आपोआप कापले जाणारे हप्ते या संमतीत येत नाहीत. त्यांच्यासाठी खात्यात रक्कम वेगळी राखा.