आदाम आणि हव्वा (ड्यूररचे उत्कीर्णन)

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याने १५०४ मध्ये ताम्रपत्र्यावर कोरलेले मुद्राचित्र. आकार सुमारे २५ × १९ सेंमी. विषय बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पुस्तकातील मानवाचे पतन. पण ड्यूररने निवडला तो पापाच्या अगदी आधीचा क्षण. सापाच्या तोंडातील फळ हव्वेच्या हाती येत आहे, ते अजून कोणी चाखलेले नाही.

चित्रातील नीतीचा आशय मुख्यतः पायाशी व पाठीमागे वावरणाऱ्या प्राण्यांत आहे. एर्विन पानोफ्स्की या कलेतिहासकाराच्या अर्थानुसार ते चार देहरसांचे व त्यांपासून होणाऱ्या स्वभावांचे निदर्शक आहेत : एल्क हरिण काळ्या पित्ताचे (विषाद), बैल कफाचा (आळस), ससा रक्ताचा (कामासक्ती) आणि मांजर पिवळ्या पित्ताचे (क्रौर्य). आयुर्वेदातील त्रिदोषांशी या कल्पनेची सरसकट सांगड घालू नये. निष्पाप अवस्थेत हे रस समतोल होते. फळ खाताच तोल ढळला आणि माणूस रोग, मृत्यू व दुर्गुण यांच्या तावडीत सापडला, अशी मध्ययुगीन धारणा होती. म्हणूनच मांजर स्वस्थ बसले आहे आणि आदामाच्या पायाजवळचा उंदीरही निर्धास्त आहे. घास घेतला जाताच ही शेजारमैत्री संपणार.

आदामाने धरलेली फांदी रोवन वृक्षाची असून तो जीवनवृक्ष मानतात. तिच्यावर पोपट बसला आहे आणि तिलाच न्यूरेंबर्गकर ड्यूररच्या लॅटिन स्वाक्षरीची पाटी टांगली आहे. दूरच्या कड्यावर एक रानबकरी उभी आहे. तिचा अर्थ लावण्याचे प्रयत्न झाले असले, तरी ते ओढूनताणून वाटतात.

दोन्ही देह मात्र प्राचीन शिल्पांच्या घाटाचे आहेत. आदामात बेल्व्हेदेअर येथील अपोलोची ढब दिसते. प्रमाणबद्ध शरीराचा शोध हा ड्यूररचा खरा ध्यास होता आणि नीतिकथेने त्याला नग्न देह रेखाटण्याची उत्तम सबब पुरवली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. अपूर्ण पत्र्यावरून काढलेले चाचणी-ठसे उपलब्ध आहेत. त्यांत पार्श्वभूमी पुष्कळशी कोरून झालेली असून देह बव्हंशी केवळ बाह्यरेषांत आहेत.

ड्यूररने हाच विषय १५०७ मध्ये दोन स्वतंत्र तैलचित्रांत पुन्हा रंगवला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील या चित्रांत सापाखेरीज एकही प्राणी नाही.