मर्यादित खर्चात कुटुंबाचे पौष्टिक रात्रीचे जेवण : नियोजन, प्रमाण आणि पर्याय

भारतीय कुटुंबाच्या मासिक खर्चातील मोठा वाटा आजही अन्नावर खर्च होतो. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या कालावधीतील घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार हा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के होता. यातही पेये, फराळाचे पदार्थ आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांवरील खर्च सर्वाधिक असल्याचे याच सर्वेक्षणातून स्पष्ट झाले आहे. त्यामुळे काटकसर करताना डाळ किंवा भाजी कमी करण्यापूर्वी पाकीटबंद पदार्थांवरील खर्चाचा विचार होणे आवश्यक आहे.

दिवसभर कामावर आणि शाळेत असणारे कुटुंब बहुधा रात्रीच एकत्र जेवते. सकाळच्या डब्यात राहिलेली उणीव भरून काढण्याची हीच संधी असते.

ताटात किती आणि काय?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार २००० किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारात धान्ये व भरडधान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी व कडधान्ये (अथवा त्यांऐवजी अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर, फळे १०० ग्रॅम, तेलबिया व सुका मेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असावे.

यापैकी एक तृतीयांश वाटा रात्रीच्या जेवणाचा धरल्यास चार जणांच्या कुटुंबासाठी सुमारे ३३० ग्रॅम धान्य किंवा पीठ, ११५ ग्रॅम कोरडी डाळ वा कडधान्य, अर्धा किलोहून थोडी अधिक भाजी आणि ३५ ग्रॅमच्या आसपास तेल लागते. वय, श्रम आणि प्रकृती यांनुसार यात फरक पडेल. तथापि बाजारहाट करताना हा हिशेब उपयोगी ठरतो.

शिधापत्रिकेवरील धान्य आणि उरलेली गरज

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य गटातील लाभार्थ्यांना दरमहा प्रतिव्यक्ती ५ किलो धान्य देय आहे. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी हे धान्य विनामूल्य देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. वरील प्रमाणाच्या तुलनेत धान्याची दोन तृतीयांश गरज त्यातून भागते. मात्र केवळ धान्याने पोट भरले तरी पोषण पूर्ण होत नाही. म्हणूनच धान्यावर वाचलेली रक्कम प्रथम डाळी-कडधान्यांकडे आणि त्यानंतर भाज्यांकडे वळवणे हितावह आहे.

स्वस्त प्रथिने कशी ओळखावीत?

किलोचा भाव पाहण्याऐवजी त्या किलोतून मिळणारी प्रथिने पाहावीत. दर १०० ग्रॅममागे तूर, मूग, हरभरा, मटकी यांतून साधारण २० ते २४ ग्रॅम, शेंगदाण्यांतून सुमारे २५ ग्रॅम, तर सोयाबीनच्या वड्यांतून ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. एखाद्या डाळीचा भाव कडाडल्यास दुसरी डाळ घ्यावी. तुरीच्या जागी मसूर किंवा मूग वापरल्याने पोषणात उणेपणा येत नाही.

धान्यात लायसिन या अमिनो आम्लाची, तर डाळीत मिथिओनिनची कमतरता असते. दोन्ही एकत्र आल्यास ही उणीव परस्पर भरून निघते. वरण-भात, ओडिशातील डाळ आणि भाज्यांचा डालमा व भात, उत्तरेतील राजमा-चावल, बंगालची खिचुडी आणि मिश्र पिठांचे थालीपीठ या साऱ्यांमागे हेच सूत्र आहे.

आठवड्याचा नमुना

सोमवार : ज्वारीची भाकरी, डाळ-शेंगदाणे घातलेली मेथीची पातळ भाजी, कांदा.
मंगळवार : लाल भोपळा व गाजर घातलेली मुगाच्या डाळीची खिचडी, ताक.
बुधवार : पोळी, मोड आलेल्या मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर.
गुरुवार : पालक घातलेली वरणफळे, लिंबू.
शुक्रवार : भात, अंड्यांचा किंवा सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा, कोबीची भाजी.
शनिवार : बाजरीची भाकरी, पिठले, मुळ्याच्या पाल्याची भाजी.
रविवार : डालमा, भात, टोमॅटोची कोशिंबीर.

पदार्थ प्रांतागणिक बदलतील. धान्य, डाळ आणि भाजी ही त्रयी मात्र कायम राहावी. अधूनमधून नाचणीचा समावेश केल्यास कॅल्शियम मिळते. १०० ग्रॅम नाचणीत त्याचे प्रमाण साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते.

इंधन आणि जीवनसत्त्वांची बचत

राजमा, छोले, वाटाणे रात्रभर किंवा किमान आठ तास भिजवल्यास ते लवकर शिजतात आणि इंधन वाचते. कडधान्यांना मोड आणल्याने ‘क’ जीवनसत्त्व वाढते व लोहाचे शोषण सुलभ होते. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, झाकण ठेवून शिजवावी आणि शिजवलेले पाणी टाकून न देता आमटीत वापरावे. मुळा, बीट, फ्लॉवर यांचा कोवळा पाला फेकू नये. शेवग्याचा पालाही उत्तम भाजी ठरतो. हंगामी भाजी स्वस्त मिळते.

उसळ जास्त करून दुसऱ्या दिवशीच्या डब्यात देता येते, परंतु ती शीतकपाटात ठेवावी. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवल्यास त्यात जिवाणूंचे विष तयार होऊ शकते आणि ते पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. दिवसभरातील मीठ प्रतिव्यक्ती ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे; पापड-लोणचे ताटात असताना हे विशेष ध्यानात ठेवावे.

वाटपाचा प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये आणि ६ ते ५९ महिने वयाच्या ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत. तथापि अनेक घरांत सर्वांचे जेवण झाल्यावर गृहिणी जेवते आणि तेव्हा पातेल्यात घट्ट डाळ किंवा भाजी शिल्लक नसते, ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येणार नाही. भात उरतो, उसळ संपते.

यासाठी अधिक पैसे लागत नाहीत. सर्वांची ताटे एकाच वेळी वाढावीत किंवा उशिरा जेवणाऱ्या व्यक्तीचा डाळ-भाजीचा वाटा आधीच काढून ठेवावा. जेवणात लिंबू, टोमॅटो किंवा आवळा असावा आणि जेवणानंतर लगेच चहा टाळावा. त्यामुळे भाजी-डाळीतील लोह शरीराला अधिक प्रमाणात मिळते. रक्तक्षयाची लक्षणे असल्यास केवळ आहारावर विसंबून न राहता नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घेणे आवश्यक आहे.