बदनापूर, असई आणि पिस्तुलाचा टप्पा

जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान असलेल्या बदनापूर येथे २१ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची खलबते झाली व दोन वाटांनी पुढे सरकून २४ तारखेला शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर एकत्र हल्ला करावा असे ठरले; परंतु २३ तारखेलाच असईजवळ वेलस्लीची त्या सैन्याशी गाठ पडली आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढाई दिली. हत्याराचा ‘टप्पा’, म्हणजे ज्या अंतरापर्यंत नेमावर भरवसा ठेवता येतो ते अंतर, कसा ठरत असे, याचाही ही लढाई एक मोलाचा दाखला आहे.

दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली उभ्या होत्या आणि त्यांच्या तोफांनी चालून येणाऱ्या फौजेची मोठी हानी केली. तो मारा झेलत पुढे गेलेल्या ७८ व्या हायलंडर पलटणीने तोफांपासून सुमारे ५० यार्डांवर, म्हणजे जवळपास ४५ मीटरांवर, थांबून बंदुकांची एक फैर झाडली आणि मगच ती संगिनी रोखून गोलंदाजांवर तुटून पडली. इतके जवळ जाण्यामागे शौर्याइतकीच हत्याराची मर्यादाही होती. ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि काजळी साचल्यावरही भराभर ठासता यावी म्हणून गोळी नळीच्या व्यासाहून लहान ठेवली जाई. परिणामी सुटताना ती नळीच्या कडांवर आपटत जाई व तिची अखेरची दिशा नेम धरणाऱ्याच्या हाती राहत नसे. घोडेस्वाराच्या पिस्तुलाची नळी तर आखूड आणि त्याच्याखालचे जनावर हलते, म्हणून ते हत्यार काही पावलांवर आलेल्या शत्रूपुरतेच उपयोगी पडे.

पुढे नळीच्या आत वळणदार खाचा पाडण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली, गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाऊ लागली आणि चुकीचा मोठा वाटा हत्याराकडून हाताकडे आला. टप्प्याच्या इतिहासातले खरे वळण हेच मानावे लागते, कारण यापुढे, विशेषतः नेमबाजीच्या खेळात, अंतर निवडायचे ते माणसाची चूक उघडी पाडण्यासाठी. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पिस्तुलासाठी २५ व ३० मीटर अंतरे होती, तर १९०० मध्ये पॅरिसला ५० मीटरांची स्पर्धा झाली. मनगटाच्या ज्या चुकीने १० मीटरांवर गोळी १ सेंटिमीटर सरकते, तीच चूक ५० मीटरांवर तिला ५ सेंटिमीटर दूर नेते.

२५ मीटरांवर अंतराच्या जोडीला वेळही येतो. २५ मीटर पिस्तूल स्पर्धेच्या दुसऱ्या भागात हात खाली धरून उभे राहावे लागते आणि लक्ष्य समोर येताच तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी झाडावी लागते. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि या स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

नवशिक्याने मात्र १० मीटरांपासूनच सुरुवात करणे रास्त आहे. येथे दाबलेल्या हवेच्या जोराने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सोडणारे पिस्तूल वापरतात. एवढ्या अंतरावर सगळे छर्रे कागदावरच राहतात आणि त्यांचे ‘ग्रुपिंग’, म्हणजे एकत्र पडलेला पुंजका, कोणत्या बाजूला झुकले आहे ते वाचता येते. कागदाबाहेर गेलेली गोळी काहीच शिकवत नाही. हे अंतर सोपे समजणे मात्र चुकीचे ठरेल. ५० मीटरांच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे त्याच प्रमाणात १० मीटरांवर ते १० मिलिमीटर भरेल, आणि प्रत्यक्षात तेथे ते ११.५ मिलिमीटरच आहे. ५० मीटरांची पिस्तूल स्पर्धा २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून वगळली गेली; तिची कसोटी १० मीटरांवरच्या या लहानशा वर्तुळात जवळजवळ तशीच टिकून आहे.